बेलोऱ्याचं कुंपण आणि भातकुलीचं वावर

‘भाऊ, विमानतळ तिकडं बेलोऱ्याले, अन् आपलं वावर भातकुलीत. मंग ड्रोननं फवारा माराले आपल्याले काय्ची परवानगी?’

१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि अमरावती-भातकुलीच्या बाजूला अशा प्रश्नांना एकदम वजन आलं. कुणाला ड्रोन उडवायचा असतो, कुणाला बडनेऱ्याकडे इमारत उभी करायची असते. एखाद्या ग्रामपंचायतीला कचरा टाकायची जागा ठरवायची असते. कुणाचं तिकीट ऐन वेळी रद्द झालेलं असतं. आणि उत्तरं तर विचारायच्या आधीच तयार असतात. एक जण सांगतो, विमानतळापासून ४५ किलोमीटर काहीच उडवता येत नाही. दुसरा म्हणतो, १२ किलोमीटर. तिसऱ्याच्या मते ४०० फुटांखाली सगळं मोकळं आहे.

गंमत अशी की तिघांपैकी कुणीही थापा मारत नसतो. विमानतळाभोवतीचा ड्रोनचा पिवळा पट्टा २०२१ च्या मार्चमधल्या नियमांत ४५ किलोमीटरपर्यंत होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नवे ड्रोन नियम आले, जुने गेले आणि पट्टा १२ किलोमीटरवर आला. ४०० फुटांची मोकळीकही त्याच नियमांत आहे, पण सगळीकडे नाही. तिघांनी कधीतरी खरा कागद पाहिलेला असतो. एकाचा कागद रद्द झालेला असतो, दुसऱ्यानं अर्धाच वाचलेला असतो, तिसऱ्यानं दुसऱ्याच जागेचा वाचलेला असतो. विमान वाहतुकीच्या नियमांत माणूस फसतो तो बहुधा असाच. म्हणून ‘किती किलोमीटर?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारायचं की हा आकडा कोणत्या कागदातला, तो कागद आज जिवंत आहे का, आणि अंतर नेमकं कुठून मोजायचं.

कागदापासून सुरुवात करू. या क्षेत्रात नियमांची एक उतरंड आहे. सगळ्यात वर संसदेचा कायदा. १९३४ चा एअरक्राफ्ट ॲक्ट नव्वद वर्षं चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. कायद्याखाली केंद्र सरकारनं केलेले नियम येतात: १९३७ चे एअरक्राफ्ट रूल्स, इमारतींच्या उंचीबाबतचे २०१५ चे नियम, २०२१ चे ड्रोन नियम. त्याखाली नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, जे निर्देश काढतं त्यांना सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स म्हणतात. बोलताना सगळे ‘सीएआर’च म्हणतात. त्याहून खाली परिपत्रकं. बाजूला एआयपी नावाचा जाडजूड ग्रंथ असतो, त्यात प्रत्येक विमानतळाची मोजमापं छापलेली असतात. आणि नोटॅम, म्हणजे तात्पुरत्या सूचना, ज्यांचं आयुष्य कधी काही तासांचंच असतं.

सीएआरची नावं पहिल्यांदा वाचताना चक्रावून जायला होतं: सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. यात सेक्शन म्हणजे विषय. तिसरा हवाई वाहतुकीचा, चौथा विमानतळांचा, सातवा वैमानिक आणि इतर चालक दलाचा, आठवा विमानांच्या उड्डाणाचा. सिरीज म्हणजे त्या विषयातली शाखा आणि पार्ट म्हणजे एक स्वतंत्र दस्तऐवज. हे एकदा डोक्यात बसलं की नुसत्या नावावरून कागद आपल्या कामाचा आहे की नाही ते कळतं. वैमानिक व्हायला निघालेल्या मुलानं आधी प्रशिक्षण संस्थेचं माहितीपत्रक न वाचता १९३७ च्या नियमांची अनुसूची २ आणि सीएआरचा सातवा सेक्शन उघडावा. व्यावसायिक परवान्याला किमान वय १८ आणि किमान उड्डाण २०० तास का सांगतात, ते तिथं मूळ शब्दांत मिळतं. हे तास कोणत्या प्रकारच्या उड्डाणात कसे वाटून भरायचे तेही त्याच अनुसूचीत आहे, आणि माहितीपत्रकं नेमका तोच भाग थोडक्यात उरकतात.

उतरंड लक्षात ठेवायची ती भांडणासाठी. खालचा कागद वरच्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. एखादं परिपत्रक नियमाहून जास्त काही मागत असेल, तर ते कोणत्या नियमाच्या आधारानं, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. कागदाच्या पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात हा आधार बहुधा लिहिलेला असतो. सीएआर पाहा, तिथं १९३७ च्या नियमांतल्या १३३ए या नियमाचा उल्लेख सापडेल. महासंचालकांना निर्देश काढायचा अधिकार तिथून येतो.

आता जिवंत-मृत ओळखण्याचं. वावर घेताना आपण नुसता सातबारा पाहून थांबत नाही, फेरफार बघतो, नियमाचंही तसंच. ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ चे. त्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ड्रोन पायलटचं ‘लायसन्स’ जाऊन ‘रिमोट पायलट सर्टिफिकेट’ आलं. २०२३ च्या दुरुस्तीनं पासपोर्टची सक्ती सैल झाली. पासपोर्ट नसेल तर सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो. खेड्यातल्या पोरापोरींसाठी ही मोठीच सोय होती. तरी ‘पासपोर्ट काढून आण, मग बघू’ असं सांगणारे अजून भेटतात, कारण त्यांच्याकडची पीडीएफ २०२१ ची असते. मूळ नियम आणि त्यानंतरच्या सगळ्या दुरुस्त्या राजपत्रातून उतरवून घ्या, शेजारी शेजारी ठेवा आणि पेन्सिलीनं मूळ मजकुरावर खुणा करा. केंद्राचे बहुतेक नियम राजपत्राच्या भाग २, खंड ३, उपखंड (i) मध्ये सापडतात. तिथं ते हिंदीत आणि इंग्रजीत असतात. मराठीत नसतात, आणि राजपत्राची हिंदी इतकी संस्कृताळलेली असते की कैक जण मुकाट्यानं इंग्रजी पानं उघडतात.

इथं एक शंका हटकून येते. १९३४ चा कायदाच गेला, तर त्याखाली केलेले १९३७ चे नियम आणि २०२१ चे ड्रोन नियमही गेले का? नाही. कायदा बदलताना जुन्या नियमांना जपणारं कलम ठेवण्याची पद्धत आहे. शिवाय १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २४ हेच सांगतं: जुना कायदा रद्द करून नवा आणला, तर जुन्याखालचे नियम नव्याशी विसंगत नसतील तोवर नव्याखालचेच समजायचे. तेव्हा नियमात ‘१९३४ च्या कायद्याचं अमुक कलम’ असा उल्लेख दिसला म्हणून कागद फेकून देऊ नका. नव्या अधिनियमात त्या जागी आता कोणतं कलम आहे तेवढं शोधा.

उलटी चूकही होते, जन्माला न आलेला कागद लागू समजण्याची. सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला, आणि कायदाच झाल्यासारखे त्याचे निरोप फिरू लागले. मसुदा म्हणजे सरकारच्या मनात काय चाललं आहे एवढंच. कागदाच्या डोक्यावर ‘ड्राफ्ट’ शब्द आहे का, राजपत्राचा क्रमांक आहे का, ‘लागू होण्याचा दिनांक’ आहे का, या तीन जागा पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही. हा अंक हाती पडेल तेव्हा त्या मसुद्याचं काय झालं असेल, तेही असंच तपासून घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे भातकुलीच्या वावराकडे. खारपाणपट्ट्यातलं वावर, कपाशी किंवा तूर उभी, आणि बचत गटानं किंवा भाड्यानं आणलेला दहा लिटर टाकीचा ड्रोन. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं तेव्हापासून हे चित्र नवलाईचं राहिलेलं नाही. आणि वऱ्हाडात त्याला आणखी एक कारण आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इकडच्या माणसाच्या मनातून गेलेलं नाही. पाठीवरचा पंप उतरवायची संधी कुणालाही हवी आहे.

ड्रोन नियम हातात घेतले की थेट ‘परवानगी’ हा शब्द शोधत पानं उलटू नका. नियम ३ मध्ये व्याख्या आहेत, तिथं बसा. अर्ध्याहून जास्त उत्तरं तिथंच दडलेली आहेत. हिरवा पट्टा म्हणजे काय, ते वाचा. लाल किंवा पिवळा न ठरवलेल्या जागेवर जमिनीपासून ४०० फूट म्हणजे १२० मीटर उंचीपर्यंतचं आकाश हिरवं. पण त्याच वाक्यात पुढं ‘आणि’ येतो: चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट म्हणजे ६० मीटरपर्यंतच आकाश हिरवं. त्याच पट्ट्यात ६० मीटरच्या वरचं आकाश पिवळं, तिथं हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ‘४०० फुटांखाली सगळं मोकळं’ म्हणणाऱ्यानं वाक्य ‘आणि’पाशी सोडलेलं असतं.

भातकुली तालुक्यातली काही वावरं बेलोऱ्यापासून या पट्ट्यात पडतात, काही त्याच्या बाहेर. फवारणीचा ड्रोन पिकावर दोन-तीन मीटरवरून जातो. म्हणजे ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही फवारणीपुरतं आकाश हिरवंच आहे, आणि आकाश वापरायला वेगळी परवानगी लागत नाही. त्याच वावराच्या धुऱ्यावर उभं राहून लग्नाचा व्हिडिओवाला १०० मीटरवर ड्रोन चढवतो तेव्हा मात्र तो पिवळ्यात शिरलेला असतो. जागा एकच, दिवस एकच, तरी उत्तरं दोन. उंची विचारल्याशिवाय कुणी ‘चालते’ किंवा ‘नाही चालत’ असं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

आणि ८ किलोमीटरच्या आत? व्याख्या वाचून इथं गोंधळ होतो, कारण सगळं तिथंच लिहिलेलं नाही. नियम तुम्हाला नकाशाकडे पाठवतो. डिजिटल स्काय मंचावरचा हा नकाशा सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला, तेव्हा ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा दाखवला होता. त्याच्या आत लालाचा भाग, तिथं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. नियमाची ही एक जातच असते: स्वतः थोडं सांगतो आणि बाकीचं नकाशावर, अनुसूचीवर किंवा दुसऱ्या कायद्यावर सोपवतो. तो बोट दाखवेल तिथं गेल्याशिवाय वाचन पुरं होत नाही. नकाशा तर बदलताही येतो. राज्य सरकार आणि पोलिस यंत्रणेला ठरावीक वेळेपुरता तात्पुरता लाल पट्टा जाहीर करता येतो. एखाद्या मंत्र्याचा दौरा असला की जिल्ह्यात हे होऊ शकतं. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी मंच पाहणं नियमानंच बंधनकारक केलं आहे. मागच्या आठवड्यातला स्क्रीनशॉट दाखवून सुटका होत नाही.

आकाश हिरवं निघालं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. ‘परवानगी लागत नाही’ हे फक्त आकाशाबद्दल आहे. ड्रोनची नोंदणी, त्याचं टाइप सर्टिफिकेट, उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा हे वेगळे विषय आहेत. वजनाचे गट पाहा: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० पर्यंत मीडियम, त्यावर लार्ज. हे वजन पेलोड धरून मोजायचं असतं. टाकी रिकामी ठेवून काट्यावर ठेवलेला ड्रोन आणि दहा लिटर औषध भरलेला ड्रोन यांच्यात दहा किलोंचा फरक पडतो, आणि कायदा दुसरा बघतो. प्रमाणपत्रातून सूट आहे ती नॅनोला, आणि मायक्रोला व्यवसायासाठी नसेल तर. फवारणीचा ड्रोन या दोन्हीत बसत नाही. त्याला १८ ते ६५ वयाचा, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेला प्रमाणपत्रधारक लागतो.

‘पण वावर तर माझंच आहे!’ हा आक्षेप हमखास येतो. नियम वाचताना काय लिहिलं आहे याच्याइतकंच काय लिहिलेलं नाही तेही बघायचं असतं. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांच्या व्याख्येत जमिनीच्या मालकीचा शब्दही नाही. सातबाऱ्यावर नाव असल्यानं आकाशातली कोणतीही अट गळत नाही.

विम्याची तरतूद तर आणखी मजेदार. ड्रोनच्या तृतीय पक्ष विम्याला आणि भरपाईला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह लागू केल्या आहेत. म्हणजे ड्रोन कुणावर पडला तर वाचायचा कायदा रस्त्याचा! आणि फवारायचं औषध? तो विमान वाहतुकीचा विषयच नाही. तिथं १९६८ चा कीटकनाशक कायदा लागतो. ड्रोननं फवारणी करण्याची कार्यपद्धती कृषी मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्ये दिली, आणि पुढच्या वर्षी नोंदणीकृत औषधांपैकी ४७७ औषधांना ड्रोनसाठी तात्पुरती मंजुरी मिळाली. ‘तात्पुरती’ हा शब्द दिसला की लगेच मुदत बघायची: कधीपर्यंत, पुढं वाढली का, आणि आपल्या हातातल्या बाटलीवरचं औषध त्या यादीत आहे का. कृषी सहायकाला हेच विचारा. ‘ड्रोननं मारू का?’ असं मोघम विचाराल तर उत्तरही मोघमच मिळेल.

अंतर कुठून मोजायचं, यावर थोडं थांबावं लागेल. एकाच विमानतळाभोवतीचे तीन नियम एकाच जागेपासून मोजत नाहीत, आणि सगळ्यात जास्त वाद इथंच होतात. ड्रोनचे ८ आणि १२ किलोमीटर विमानतळाच्या कुंपणापासून. १९३७ च्या नियमांतला नियम ९१ पक्षी गोळा होतील अशा रीतीनं जनावरं कापणं, सोलणं, घाण-कचरा टाकणं यावर बंदी घालतो. त्याचा घेर १० किलोमीटरचा, पण कुंपणापासून नाही. तो ‘एअरोड्रोम रेफरन्स पॉइंट’पासून. हा विमानतळाचा अधिकृत संदर्भबिंदू, त्याचे अक्षांश-रेखांश एआयपीत छापलेले असतात. इमारतींच्या उंचीचे २०१५ चे नियम याच बिंदूपासून २० किलोमीटरपर्यंत पाहतात. बेलोऱ्याची धावपट्टीच १८५० मीटर लांबीची आहे. कुंपण आणि संदर्भबिंदू यांच्यातला फरक किती पडू शकतो, त्याचा अंदाज यावरून करा. गावाच्या वेशीवर असा फरक पुरेसा असतो. वेशीच्या अलीकडचा उकिरडा नियम ९१ मध्ये येतो, पलीकडचा येत नाही.

आणि अंतर म्हणजे रस्त्याचं नाही. एसटीच्या तिकिटावरचे किलोमीटर किंवा मोबाइलनं दाखवलेला मार्ग इथं कामाचा नाही. केंद्रीय कायद्यांतलं अंतर सरळ रेषेत, आडव्या प्रतलात मोजायचं, वेगळा हेतू दिसत नसेल तर, असं जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ११ मध्येच लिहिलं आहे. मोबाइलच्या नकाशात मोजपट्टीची सोय असते. तिचं एक टोक कुंपणाच्या आपल्याकडच्या कोपऱ्यावर ठेवा, दुसरं वावराच्या विमानतळाकडच्या धुऱ्यावर. वावराच्या मधोमध ठेवलंत तर जवळची बाजू पट्ट्यात असूनही तुम्हाला ती बाहेर दिसेल. आकडा ११.९ किंवा १२.१ असा काठावर आला तर मोबाइलवर विसंबू नका, अधिकृत मंचावर जागा टाकून पाहा.

उंचीतही असाच एक सापळा आहे, आणि त्यात शिकलेले लोकही सापडतात. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्रात इमारतीच्या माथ्याची जी कमाल उंची दिलेली असते, ती समुद्रसपाटीपासूनची असते. बेलोरा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे ३४३ मीटरवर आहे. समजा पत्रात ३७० मीटर लिहून आलं आणि तुमच्या प्लॉटची जमीन ३४५ मीटरवर आहे. मग तुम्हाला मिळाले २५ मीटर. ‘३७० मीटरची परवानगी मिळाली’ म्हणून पेढे वाटायचं कारण नाही. या २५ मीटरांत फक्त छत नाही, गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, मोबाइलचा मनोरा, वीजरोधक दांडा सगळं आलं. प्लॉटची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि अक्षांश-रेखांश अर्जात तुम्हीच भरता. तिथं चूक झाली तर पत्र खरं असूनही दुसऱ्याच जागेचं ठरतं. कोणत्या विमानतळाला कोणती पद्धत लागू, हे त्या नियमांना जोडलेल्या अनुसूचींमध्ये दिलेलं असतं. नियमांची भाषा वाचण्याआधी आपला विमानतळ अनुसूचीत शोधा आणि २०२० ची दुरुस्ती सोबत ठेवा.

नोटॅम हा प्रकार शेतकऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो, पण ड्रोनवाले आणि हौशी वाचक तो पाहतात आणि वेळेत चुकतात. त्यातले आकडे असे असतात: २५१११२०४३०. डावीकडून दोन-दोन करून फोडा: २०२५, अकरावा महिना, १२ तारीख, ४ वाजून ३० मिनिटं. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे दहा वाजतात. जगभर विमान वाहतुकीचे हे संकेत सारखे ठेवायचं काम १९४४ च्या शिकागो करारातून निघालेली आयकाओ ही संस्था करते. भारत त्या करारात आहे. पण आयकाओच्या परिशिष्टात एखादी गोष्ट लिहिली म्हणून ती भातकुलीत आपोआप लागू होत नाही, ती आपल्या नियमांत उतरावी लागते. आंतरजालावर अमेरिकेचे ड्रोन नियम वाचून वाद घालणाऱ्यांना हे नम्रपणे सांगावं.

आता तिकीट. मुंबई-अमरावती विमान रद्द झालं तर ‘साडेसात हजार मिळतात’ असं ऐकलं असेल. सीएआर सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ उघडा. रद्द झाल्याची भरपाई वेळापत्रकातल्या प्रवासकाळावर ठरते: एक तासापर्यंत ५ हजार, एक ते दोन तास साडेसात हजार, दोन तासांवर १० हजार. आपलं विमान मधल्या गटात बसतं. पण वाक्य तिथं संपत नाही. साडेसात हजार, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. उडान योजनेतलं भाडं मुळातच कमी, त्यामुळे बहुतेकांच्या हाती भाड्याएवढीच रक्कम येईल. वर तुमचं तिकीट परत किंवा दुसरं विमान, ते वेगळं.

त्याच कागदात आणखी दोन अटी आहेत, आणि वऱ्हाडातल्या प्रवाशाला त्याच जास्त नडतात. कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या असाधारण परिस्थितीमुळे विमान रद्द झालं तर ही भरपाई मिळत नाही. म्हणून विमान रद्द झाल्यावर काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा कारण लेखी मागा, संदेशात किंवा ईमेलवर. पुढची सगळी लढाई त्या एका ओळीवर असते. दुसरी अट: प्रवाशानं संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तरी भरपाई नाही. आपल्याकडे कैक तिकिटं एजंटकडून निघतात आणि त्यावर मोबाइल नंबर एजंटचाच असतो. रद्द झाल्याचा संदेश त्याच्या फोनवर, तुम्ही बेलोऱ्याच्या दारात. तिकीट काढताना स्वतःचा नंबर टाकून घ्या. आणि विमान रद्द होणं, उशीर होणं आणि तिकीट असून चढू न देणं ही तीन वेगळी प्रकरणं आहेत, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. तक्रारीत तिन्ही एकत्र कालवली की कंपनीला उत्तर देणं सोपं जातं.

वाचूनही शंका उरतात, तेव्हा लेखी विचारायचं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. पण तो कसा लिहायचा यावर बरंच अवलंबून आहे. ‘माझ्या वावरात ड्रोन उडवता येईल का?’ असं विचारलंत तर ‘हे मत आहे, माहिती नाही’ असं उत्तर येईल आणि ते कायद्याला धरूनच असेल. त्याऐवजी कागद मागा: बेलोरा विमानतळाच्या परवान्याची प्रत, संदर्भबिंदूचे अधिकृत अक्षांश-रेखांश, अमुक तारखेच्या परिपत्रकाची आणि ते कोणत्या नियमाखाली काढलं त्या टिपणीची प्रत. आणि अर्ज बरोबर दारात टाका. डीजीसीए आणि विमानतळ प्राधिकरण केंद्राचे. बेलोरा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे आणि ती राज्याची. केंद्राचं संकेतस्थळ तिच्या कामाचं नाही. ड्रोनबाबत ‘मला कळवा’ असं विचारायचं असेल तर माहिती अधिकाराच्या भानगडीत न पडता साधं पत्र किंवा ईमेल करा. त्यात चार गोष्टी घाला: वावराच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, उड्डाणाची कमाल उंची, ड्रोनचं भरलेलं वजन आणि उडवण्याची तारीख. या चार गोष्टी दिल्या की समोरच्या बाबूला ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ एवढंच लिहून फाइल बंद करणं अवघड जातं.